पहिल्या वर्षाचा हिशेब

वाचकहो, शाळेत नवं पोर दाखल झालं की पहिल्या चाचणीवरूनच 'हा हुशार, तो ढ' असा निकाल आपण मास्तरमंडळी किती चटकन देऊन टाकतो! मीही दिलेला आहे. म्हणून आज परदेशातल्या एका मैदानावरची हकीकत सांगतो.

अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो खेळ मुख्यतः पायांचा नव्हे, हातांचा. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी आणि टोकांशी निमुळता होत गेलेला चेंडू. चाल सुरू झाली की चेंडू ज्याच्या हाती येतो, तो क्वार्टरबॅक. अंगावर धावून येणारे धिप्पाड गडी चुकवीत, दोन-तीन क्षणांत त्याने तो आपल्या गड्याकडे फेकायचा. प्रतिपक्षाने मधेच झेलला, की खेळाची सूत्रं त्यांच्याकडे गेलीच म्हणून समजा.

१९९८ च्या एप्रिलमध्ये व्यावसायिक संघांनी महाविद्यालयीन खेळाडूंची निवड केली. इंडियानापोलिसने पहिला घेतला पेटन मॅनिंग. सॅन डिएगोने दुसरा घेतला रायन लीफ. यांतला श्रेष्ठ कोण, यावर तेव्हा मोठा वाद होता.

हंगाम सुरू झाला. लीफच्या संघाने पहिले दोन्ही सामने जिंकले. मॅनिंगच्या संघाने पहिले चारही गमावले! आता सांगा, कौल कोणाला दिला असता?

तिसऱ्या सामन्यात कॅन्सस सिटीत लीफने पंधरा वेळा चेंडू फेकला आणि आपल्या गड्याच्या हाती पडला फक्त एकदा. दुसऱ्या दिवशी तो एका वार्ताहरावर ओरडला आणि ते सगळं कॅमेऱ्याने टिपलं. पुढे ऑक्टोबरमध्ये हे दोघे समोरासमोर आले, तेव्हा मॅनिंगचा संघ १७-१२ असा जिंकला. तो त्याचा पहिला विजय. त्याच महिन्यात सॅन डिएगोने प्रशिक्षक बदलला आणि नोव्हेंबरात लीफला बाकावर बसवलं.

वर्षाअखेरचा हिशेब पाहा. मॅनिंगने सोळाही सामने खेळून २६ वेळा फेकीतून गुण मिळवून दिले, पण २८ वेळा चेंडू प्रतिपक्षाला बहाल केला. नवख्या खेळाडूच्या नावावरचा हा नकोसा विक्रम आजही उभा आहे. लीफच्या फेकीतून गुण आले दोनदाच, चुका झाल्या १५. आणि गंमत अशी, की सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांत विजय दोघांचेही तीनच! लीफचे नवांत तीन, मॅनिंगचे सोळांत तीन. नुसता जय-पराजय मोजणाऱ्याने लीफलाच वरचा नंबर दिला असता.

मग फरक कुठे पडला? मॅनिंग चुकला तरी त्याला खेळवत ठेवलं, आणि तोही चुका उगाळत न बसता अभ्यासाला बसला. १९९९ साली त्याच्या संघाने सोळांपैकी तेरा सामने जिंकले. पुढे दोन वेगवेगळ्या संघांना त्याने अजिंक्यपद मिळवून दिलं. लीफ मात्र खांद्याच्या दुखापतीमुळे १९९९ चा हंगाम मुकला आणि २००२ मध्ये खेळातून बाहेर पडला. पुढे व्यसनापायी त्याला तुरुंगवासही घडला. २०१४ च्या अखेरीस सुटल्यावर तो व्यसनमुक्तीविषयी जाहीरपणे बोलू लागला. म्हणजे त्याच्याही पाटीवर शेवटची ओळ पहिल्या वर्षाने लिहिली नाही.

सगळा दोष एकट्या पोराचा नसतो, सगळं यशही एकट्याचं नसतं. तेव्हा गुरुजी, पुढच्या चाचणीच्या वह्या तपासाल, तेव्हा चुका जरूर मोजा. पण चूक झाल्यावर पोर काय करतं आणि आपण त्याच्याशी कसं वागतो, हेही पाहत चला.