कुड्याची साल आणि तीन वैद्यांच्या सह्या

गोमंतकांतील जुन्या घरांच्या फडताळांत सुंठ, वेखंड, बाळहिरडा, जायफळ यांच्या शेजारीं एका चिंधींत कुड्याची साल बांधून ठेवलेली असे. पावसाळ्यांत कोणास आमांश झाला, कीं ती सहाणेवर ताकांत उगाळून चाटवीत. चव इतकी कडू, कीं मुलें दुखण्यापेक्षां औषधालाच अधिक भीत. शास्त्रांत या झाडास कुटज म्हणतात आणि त्याच्या बियांस इंद्रजव. चरकसंहितेच्या कल्पस्थानांत त्यास स्वतंत्र अध्याय आहे. तथापि ही साल समुद्रापलीकडे कोणी पोंचविली, याचा इतिहास आपल्या घरांत क्वचितच सांगितला जातो.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्यें गोव्यास आला. त्याचा संवादरूप औषधिग्रंथ 1563 मध्यें गोव्यांतच छापला गेला. त्यांत मलबारी लोकांच्या एका अतिसारनाशक झाडाचें वर्णन असून अभ्यासक तें कुड्याचेंच मानतात. मालुपा नांवाचा एक हिंदु वैद्य या संवादांत अवतरतो. एरव्हीं ज्यांच्यापासून ही विद्या घेतली, त्यांचीं नांवें बहुधा गळालींच. ओर्ताच्या वांट्यालाही सुख नव्हतें. तो मूळचा ज्यू कुळांतला. 1568 मध्यें तो वारला आणि 1580 मध्यें इन्क्विझिशननें त्याचीं हाडें उकरून जाळलीं.

तें इन्क्विझिशन गोव्यांत 1560 मध्यें स्थापन झालें. त्याच वर्षीं श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास नेण्यांत आले. देवांबरोबर माणसें निघालीं, तीं पुढें कानडा प्रांत ओलांडून थेट कोचीनपर्यंत गेलीं. आणि माणसांबरोबर वैद्यकही गेलें. गोव्यांत मागें राहिलेल्या वैद्यांची स्थिति चमत्कारिक होती. 1583 ते 1588 या काळांत आर्चबिशपच्या पदरीं असलेला डच लेखक लिन्सखोटेन सांगतो, कीं व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि पाद्रीसुद्धां स्वदेशीयांपेक्षां हिंदु वैद्यांवर अधिक विश्वास ठेवीत. असें असतांही 1618 मध्यें गोव्याच्या नगरसभेनें हिंदु वैद्यांची संख्या 30 वर मर्यादित केली. दुखणें आलें कीं वैद्य हवा, आणि बरें वाटलें कीं नको, असा हा न्याय!

कोचीनच्या डच अमलाचा प्रमुख हेंद्रिक व्हान रेडे यानें मलबारच्या वनस्पतींचा महाग्रंथ सिद्ध करण्याचें मनावर घेतलें. 1678 ते 1693 या काळांत ॲम्स्टरडॅम येथें त्याचे 12 खंड निघाले. 700 हून अधिक वनस्पती त्यांत आल्या. या कार्यांत इट्टी अच्युतन् या मलयाळी वैद्याप्रमाणेंच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पु भट या तीन कोंकणी वैद्यांचा हात होता. त्यांनीं 1675 मध्यें दिलेली साक्ष पहिल्या खंडांत जशीच्या तशी छापली आहे: भाषा कोंकणी, लिपि नागरी. ओर्ताच्या ग्रंथांत जें घडलें नाहीं तें येथें घडलें. सांगणाऱ्यांनीं आपल्या अक्षरांत आपलीं नांवें लिहिलीं. त्याच खंडांत 'कोडगपाल' या मलयाळी नांवाखालीं आपला कुडा आहे. पहिल्या खंडांतील चित्रांवर रोमन, मलयाळम् व अरबी लिपींसह नागरींतही नांवें कोरलेलीं दिसतात.

युरोपच्या औषधबाजारांत ही साल पुढें 'कोनेसी' या नांवानें गेली, आणि 1858 मध्यें तिच्यांतील कोनेसीन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. मात्र या व्यापारांत आणि आपल्या बाजारांतही एक घोटाळा सतत होत आला आहे. पांढऱ्या कुड्याच्या नांवानें काळ्या कुड्याची साल विकली जाते आणि ती आमांशावर तशी गुणकारी नाहीं. सालीवरून दोहोंतील भेद ओळखणें कठीण. शेंगा मात्र खोटें बोलत नाहींत. दोन्ही झाडांच्या शेंगा जोडीनेंच लोंबतात. परंतु काळ्या कुड्याच्या कोंवळ्या शेंगांचीं टोकें एकमेकांस चिकटलेलीं असतात, पांढऱ्याचीं सुटीं. रक्त पडूं लागलें किंवा मूल मलूल झालें, तर सहाण बाजूस ठेवून डॉक्टरकडेच जावें, हें वेगळें सांगावयास नको. ज्या बायकांनीं ही साल पिढ्यान्‌पिढ्या उगाळली, त्यांची सही कोणत्याच खंडांत नाहीं. पण झाड शेंगांवर असतांनाच तें हेरून ठेवावें आणि मगच साल काढावी, हें त्या जाणत होत्या.