बुडबुड्याची बखर

चाकाच्या शोधाला इतिहासात मोठा मान आहे. शाळेच्या पुस्तकात त्याचे चित्र असते आणि परीक्षेत त्यावर प्रश्नही येतो. ते चाक थांबवले कोणी, हे मात्र कोणी विचारीत नाही. बैलगाडीच्या चाकाशी घासणारा लाकडी ठोकळा ज्याने प्रथम बसवला, त्याचे नाव कोणत्याही बखरीत सापडणार नाही. मोटारीच्या बाबतीतही तोच प्रकार. ती धावते कशी याचे कुतूहल सर्वांना असते. थांबते कशी याची आठवण ती थांबेनाशी झाली म्हणजे होते.

आम्हां मुळशीकरांना ही आठवण ठेवावीच लागते. पौडाकडून धरणाच्या कडेकडेने येणारा रस्ता ताम्हिणीला पोचला, की तेथून खाली कोकणात, माणगावच्या अंगाला उतरतो. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी, आणि पावसाळ्यात समोर धुके. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी आपल्या जुन्या मोटारीचे ब्रेक अंगणातच, स्वतःच्या हातांनी बदलले. लायनर नवे, चाकांतले सिलिंडर नवे, वायसर नवे. सारे यथास्थित बसले. पण पॅडलवर पाय ठेवावा, तर तो ओल्या स्पंजावर ठेवल्यासारखा आत जाऊ लागला. दुसऱ्या दिवशी मुलेबाळे घेऊन माणगावला लग्नाला जायचे होते. तेव्हा रस्त्यावरच्या गॅरेजातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावणे गेले. त्याने पॅडल दोनदा दाबून पाहिले आणि मला म्हणाला, “गुरुजी, यांना सांगा, लाइनीत हवा राहिलीय. हवा काढल्याशिवाय घाटाचं नाव काढायचं नाही.”

मिस्त्रीच्या या वाक्यामागे तीन शतकांहून अधिक इतिहास उभा आहे.

फ्रान्सचा ब्लेझ पास्कल १६६२ साली वारला. द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ त्याच्या पश्चात, १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. बंद भांड्यातल्या द्रवाला एका ठिकाणी दाबले, की तो दाब जसाच्या तसा चहूकडे पोचतो, हा त्यातला सिद्धांत. लहान दट्ट्यावर एका माणसाने दिलेला जोर मोठ्या दट्ट्यावर शंभर माणसांचे काम करू शकेल, हेही त्याने लिहून ठेवले होते. एवढे कळल्यावर ब्रेक तयार व्हायला कितीसा वेळ लागावा? लागली अडीचशेहून अधिक वर्षे! सिद्धांत पक्का होता. घोडे अडले होते ते दट्ट्याच्या कडेने गळणाऱ्या थेंबापाशी.

१७९५ साली इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने द्रवदाबाच्या यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हाही हीच रड होती. दट्ट्या सैल बसवावा तर पाणी गळे, घट्ट बसवावा तर तो हालेना. ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉड्सले या कारागिराने चामड्याची वाटी बसवून त्यावर तोड काढली, असे मानतात. दाब वाढला की त्या वाटीच्या कडा आपोआप भिंतीला चिकटत. दाब ओसरला की सुटत. आजच्या मोटारीतले रबरी वायसर हे त्या वाटीचेच वंशज होत.

मोटारीपर्यंत ही युक्ती आणली माल्कम लॉकहीड या अमेरिकनाने. विमानांमुळे प्रसिद्धीस आलेल्या ॲलन लॉकहीडचा हा भाऊ. त्याने १९१७ साली द्रवदाबाच्या ब्रेकचे पेटंट घेतले. १९२१ च्या जुलैत फ्रान्समधील ल माँ येथे ग्रां प्री शर्यत झाली; ती जिंकणाऱ्या जिमी मर्फीच्या डुझेनबर्ग गाडीला असेच ब्रेक होते. त्याच सुमारास त्या कंपनीची विक्रीची गाडीही चारही चाकांना हे ब्रेक लावून बाहेर पडली. १९२४ साली क्रायसलरने ते त्याहून पुष्कळ स्वस्त गाडीत आणले; पण त्याकरिता लॉकहीडच्या गळक्या चामडी वाट्या काढून रबरी बसवाव्या लागल्या. हेन्री फोर्डला तरीही भरवसा वाटेना. १९३९ चे मॉडेल येईपर्यंत त्याच्या गाड्यांचे ब्रेक सळ्यांनी आणि तारांनीच ओढले जात. या हट्टाबद्दल त्याला नावे ठेवतात. पण सळईत हवा शिरत नाही, एवढे त्याच्या बाजूने म्हणावेच लागेल.

त्याच १९२१ साली, रामनवमीला, इकडे मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी मावळातले शेतकरी उभे राहिले. सेनापती बापट तुरुंगात गेले. लढ्याला यश आले नाही. गावे बुडाली, आणि १९२७ पासून ते पाणी सुमारे ५०० मीटर खाली उतरून भिऱ्याच्या वीजगृहात चाके फिरवू लागले. त्या बुडालेल्या घरांतले पणतू आज माझ्या वर्गात बसतात. पास्कल शिकवताना त्यांना फ्रान्सला न्यावे लागत नाही. ५०० मीटर उंच पाण्याच्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरला ५० किलो दाब असतो. आता मोटारीकडे पाहा. पायाने २५ किलोचा जोर दिला, पॅडलच्या तरफेने तो चौपट झाला आणि १९ मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर पडला, तर नळीत ३५ किलोचा दाब होतो. समोर म्हैस आली आणि घाबरून दुप्पट जोर दिला, तर ७०! म्हणजे भिऱ्याच्या अजस्र नळांतल्यापेक्षा मोठा दाब पेन्सिलीहून बारीक नळीत नांदतो.

अशा नळीत बुडबुडा राहिला म्हणजे काय होते? ब्रेकचा द्रव ३५ किलो दाबाखाली हजारात दोन भागही आकसत नाही. हवा मात्र छत्तिसाव्या हिश्श्याएवढी होऊन बसते. चहाच्या चमच्यात मावेल इतकी, तीन घनसेंटिमीटर हवा आत असली, तरी ती दाबण्यातच दट्ट्याचे एक आणि पॅडलचे चार सेंटिमीटर खर्ची पडतात. चाक तोवर फिरतच असते.

गंमत अशी, की हीच हवा रेल्वेत रखवालदाराचे काम करते. १८६३ मध्ये बोरघाटातून गाड्या धावू लागल्या, तेव्हा ३७ फुटांना एक फूट अशा उतारावर हातांनी ब्रेक आवळीत. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ साली हवेचा ब्रेक काढला आणि १८७२ मध्ये त्याची रीतच उलटी केली: नळीत हवा भरलेली असेतो ब्रेक सुटलेले, नळी तुटून हवा गेली की आपोआप लागलेले. मोटारीत मात्र द्रव गेला की ब्रेकच गेला. म्हणून १९६० नंतर हळूहळू दुहेरी मास्टर सिलिंडर आले. एक फाटा फुटला तरी दुसरा धरतो.

हवा काढण्याची रीत जुनीच राहिली आहे. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे चाक आधी घ्यायचे. आपल्याकडे बहुधा मागचे डावे. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवायचे. आत बसलेल्याने पॅडल सावकाश दाबून धरायचे, बाहेरच्याने निपल सैल करायचे, बुडबुडे आले की आवळायचे. आणि आवळल्यानंतरच पाय उचलायचा. हा क्रम मोडला तर काढलेली हवा पुन्हा आत ओढली जाते. वरची डबी रिकामी होऊ दिली तर सारेच मुसळ केरात. निपल नेहमी वरच्या अंगाला हवे, कारण हवा वर जमते; डिस्क ब्रेकचे डावे-उजवे कॅलिपर अदलाबदल झाले, तर निपल खाली जाते आणि दिवसभर पंप मारूनही हवा निघत नाही. पॅडल मऊ न लागता नुसतेच खोल जात असेल, तर लायनर आणि ड्रम यांतले अंतर जुळवावे. दाबून धरलेले पॅडल हळूहळू खाली बसत असेल, तर कोठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे वायसर गेले आहेत. शेजाऱ्यांच्या अंगणात ‘दाब... धर... सोड’ हा गजर तासभर चालला होता. पॅडल कडक लागले, तरी मिस्त्रीने गाडी आधी सपाट रस्त्यावर हळू चालवून पाहिली, मगच हात धुतले.

हे ब्रेक ऑइल म्हणजे नावापुरतेच तेल. पूर्वी एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण वापरीत. आज बहुतेक ठिकाणी ग्लायकॉलच्या जातीचे द्रव असतात. इंजिनाचे तेल त्यात पडले तर रबर फुगून वाया जाते. शिवाय हा द्रव हवेतला ओलावा शोषतो. डॉट ३ जातीचा ताजा द्रव २०५ अंशांच्या आत उकळत नाही. ओलावा मुरला की ही मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. मुळशीच्या पावसात ओलाव्याला काय तोटा! घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला, की ड्रम तापतात, मुरलेल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ म्हणजे पुन्हा बुडबुडाच. म्हणून जाणते चालक घाटात खालचा गिअर ठेवतात आणि दोनेक वर्षांनी ब्रेक ऑइल बदलतात.

पास्कलचा सिद्धांत एका लहानशा ग्रंथात मावला. तो मोटार चालवणाऱ्याच्या पायाखाली यायला २५८ वर्षे लागली, आणि त्यांतली कितीतरी चामड्याची वाटी, रबराची कड आणि थेंबाथेंबाची गळती यांच्याशी झगडण्यात गेली. वर्गात मी शोधाचे साल विचारतो आणि मुले पाठ केलेले उत्तर देतात. मग विचारतो, “मधली वर्षे कशात गेली?” तेव्हा वर्ग गप्प होतो. त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात नाही. पौडच्या रस्त्यावरच्या गॅरेजात, ब्रेक ऑइलच्या बाटलीत वर येणाऱ्या बुडबुड्यांत ते दिसते.