संकेतस्थळ हे ‘स्थळ’ आहे काय? : अमेरिकेतील अपंगांचे हक्क आणि कायद्यातील संदिग्धता

प्रस्तावना

अमेरिकेत १९९० साली ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट’ संमत झाला. त्याच्या तिसऱ्या प्रकरणाने जनतेसाठी खुल्या असलेल्या खासगी व्यवसायांच्या ठिकाणी अपंगांबाबत भेदभाव करण्यास मनाई केली. हॉटेल, दुकान, चित्रपटगृह अशा ठिकाणांची यादी त्यात आहे. संकेतस्थळांचा उल्लेख नाही. या अनुल्लेखातून उद्भवलेल्या वादाचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

न्यायालयीन निर्णय

अंध व्यक्ती संगणकावरील मजकूर स्क्रीन रीडरच्या साहाय्याने ऐकतात. चित्राला पर्यायी मजकूर किंवा बटणाला नाव नसेल, तर त्यांची खरेदी अर्ध्यावरच थांबते. तथापि २००२ साली फ्लोरिडातील संघीय न्यायालयाने साउथवेस्ट एअरलाइन्सविरुद्धचा दावा फेटाळला. कायद्याला भौतिक स्थळच अभिप्रेत आहे, असे त्याचे मत होते. २००६ साली कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने टार्गेट कंपनीविरुद्ध नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडने केलेला दावा अंशतः ग्राह्य मानला. मात्र संकेतस्थळाचा प्रत्यक्ष दुकानातील सेवांशी संबंध असेल तेथवरच कायदा लागू होईल, अशी मर्यादा त्याने घातली. २००८ मध्ये ६० लाख डॉलरच्या तडजोडीने हा दावा मिटला. साहजिकच वरिष्ठ न्यायालयाचा निर्णय मिळाला नाही.

या कसोटीनुसार दुकानच नसलेला व्यवसाय कायद्याबाहेर राहतो. २०१२ साली नेटफ्लिक्सच्या चित्रपटांना बधिरांसाठी मथळे असावेत, या मागणीवर मॅसॅच्युसेट्समधील न्यायालयाने कायदा लागू मानला, तर कॅलिफोर्नियातील न्यायालयाने नाकारला. २०१९ मध्ये डॉमिनोज प्रकरणी नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने अंध ग्राहकाच्या बाजूने कौल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची याचिका ऐकण्यास नकार दिला. एप्रिल २०२१ मध्ये अकराव्या सर्किटने विन-डिक्सी प्रकरणी विरुद्ध निर्णय दिला. तोही डिसेंबरमध्ये रद्दबातल ठरविण्यात आला.

शासनाची भूमिका

न्याय विभागाने २०१० साली नियम करण्याचा मनोदय जाहीर केला. २०१७ साली तो प्रस्ताव मागे घेतला. २०२४ च्या नियमाने निश्चित तांत्रिक मानक विहित केले, परंतु ते राज्य व स्थानिक शासनसंस्थांपुरतेच. खासगी व्यवसाय त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते, की विधिमंडळ व प्रशासन यांच्या मौनामुळे एका शब्दाचा अर्थ ठरविण्याचे काम न्यायालयांवर पडले. परिणामी व्यावसायिकाला आपले निश्चित कर्तव्य कळले नाही आणि अपंग नागरिकाचा हक्क तो कोणत्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात दाद मागतो, यावर अवलंबून राहिला. नागरी हक्काच्या दृष्टीने ही दुसरी बाब अधिक गंभीर होय.