आधी व्याकरण, मग मांडणी

मोडी कागद ज्यांनी पाहिला आहे, त्यांस ठाऊक आहे की तीत शब्द सुटे लिहीत नसत; विरामचिन्हेही नसत. 1836 साली दादोबा पांडुरंगांनी मराठीचे व्याकरण छापले, मेजर कँडींनी विरामचिन्हे रूढ केली.

संगणकाच्या भाषांचेही असेच झाले. 1960 साली ‘अल्गोल’चे नियम बॅकस-नौर पद्धतीने सूत्रबद्ध झाले; 1967 साली इंगरमन यांनी त्या पद्धतीला पाणिनीचे नाव जोडावे असे सुचविले. आज प्रोग्रामच्या ओळी नीट लावणारे साधनही आधी त्या भाषेचे नियम मागते. नियम चुकीचा सांगितला, तर ‘सोडा, नका मारू’चे ‘सोडा नका, मारू’ व्हावयाचे! मांडणी सुबक, पण माणूस मेला. निलंगेकर श्रोतेहो, म्हणून आम्ही व्याकरणाला रूक्ष म्हणत नाही.