क्लेअर खोऱ्यातलं आट्यांचं झाकण

नाशिकला वाइनची चव घ्यायला शिकवते, तेव्हा दर तुकडीत कुणीतरी म्हणतंच, ‘बुचाची बाटली भारी, आट्यांच्या झाकणाची स्वस्तातली.’ हे ऐकलं की मला राहवत नाही. ते झाकण आलं वाइनच्या काळजीपोटी.

ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास हा बुचाचा जुना रोग. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमध्ये हान्स टॅनर आणि सहकाऱ्यांनी त्याचं कारण शोधलं: टीसीए हे रसायन. लिटरमागे काही नॅनोग्रॅम टीसीएसुद्धा वाइनचा सुगंध मारून टाकतं. रिस्लिंगसारख्या नाजूक वाइनमध्ये तर या वासाला लपायला जागाच नसते.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या यालुंबा या वाइनरीने 1970च्या दशकातच फ्रान्सचं स्टेलव्हिन हे आट्यांचं झाकण वापरून पाहिलं. वाइन छान टिकली, पण गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली आणि बूच परत आलं. मग 2000 साली तिथल्याच क्लेअर खोऱ्यातल्या जेफ्री ग्रॉसेट आणि इतर वाइनकारांनी एकजुटीने त्या हंगामाची रिस्लिंग आट्यांच्या झाकणात भरली. कुणी एकट्याने केलं असतं तर गिऱ्हाइकांनी त्याच्याकडेच पाठ फिरवली असती. शेजारच्या स्पर्धकांनी असं एकत्र येणं मला फार मोलाचं वाटतं. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडच्या वाइनकारांनीही अशीच मोहीम उघडली.

क्लेअरच्या बाटलीचं झाकण उलटं करून पाहा. आत चकती दिसते, तिच्यात कथलाचा पातळ पत्रा असतो. हवा अडवते ती चकती. बाहेरचं ॲल्युमिनियम तिला काचेवर दाबून धरतं. ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटने 1999ची एकच सेमियाँ ही व्हाइट वाइन 14 प्रकारांनी बंद करून ठेवली होती. काही वर्षांनी बाटल्या ओळीने मांडल्या, तर आट्यांच्या झाकणाखालची फिकट पिवळी आणि काही प्लॅस्टिकच्या बुचांखालची चक्क तपकिरी!

झाकणालाही खोड आहे. वाइनकार गाफील राहिला तर आत गंधकाचा वास कोंडतो. आणि बुचाशी माझं वैर नाही. पोर्तुगालमध्ये झाड न तोडता दर नऊ वर्षांनी साल काढतात, त्यावर तिथली जंगलं टिकून आहेत. वर्षानुवर्षं मुरवायच्या रेड वाइनला बूच खुशाल असू दे.

पण ताजी व्हाइट घेताना आट्यांचं झाकण दिसलं म्हणून बाटली परत ठेवू नका. आणि हॉटेलात बुचाच्या वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर संकोच न करता बदलून मागा.