कचारगड परिसरातील ऑनलाइन ग्रंथसेवा

कचारगड (ता. सालेकसा, जि. गोंदिया) ही गोंड समाजाचे श्रद्धास्थान असलेली नैसर्गिक गुहा. गोंडांचे आद्य धर्मगुरू पारी कुपार लिंगो आणि माता जंगो रायताड यांच्या कथेशी ती जोडलेली आहे. माघ पौर्णिमेच्या यात्रेला छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातूनही भाविक येतात. यात्रेतल्या दुकानांत गोंडी व्याकरणे, शब्दकोश, पुनेम म्हणजे गोंडी धर्माविषयीची पुस्तके विकायला असतात. नागपूरचे भाषाभ्यासक डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांचे यातले काम मोठे.

अशा परिसरातील ग्रामीण महाविद्यालयांच्या ऑनलाइन सेवेचा कणा म्हणजे इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळे केंद्राची ‘एन-लिस्ट’ योजना (२०१०). ग्रंथपाल विद्यार्थ्यांची नावे व ईमेल कळवतो. प्रत्येकाला पासवर्ड मिळतो आणि घरबसल्या मोबाइलवर हजारो नियतकालिके उघडतात. सोय मोलाची, पण ती विद्यार्थी-प्राध्यापकांपुरती. गावकऱ्याला त्यात प्रवेश नाही. आयआयटी खरगपूरचे राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय मात्र २०१८ पासून सर्वांना मोफत खुले आहे.

गोंडीचा प्रश्न निराळा. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख लोकांनी ही मातृभाषा नोंदवली. आठव्या अनुसूचीत ती नाही. शेजारच्या बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये घडवलेली लिपी युनिकोडमध्ये आली ती २०१७ साली. गोंडीचीच दुसरी, गुंजाला लिपी त्यापुढच्या वर्षी. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ संकेतस्थळावर मुलांच्या गोंडी गोष्टी मोफत उतरवून घेता येतात, छापताही येतात. देवनागरीत छापलेले गोंडी पुस्तक मात्र ग्रंथालयाच्या सूचीत सहज हरवते. भाषेच्या रकान्यात हिंदी पडले, की गोंडी शोधणाऱ्याला ते कधीच सापडत नाही. गोंडीला आंतरराष्ट्रीय सूचिकार्यात ‘जीओएन’ हा स्वतंत्र संकेत आहे. ग्रंथालयाची संगणकप्रणाली ‘सोल’ असो वा ‘कोहा’, तो ग्रंथपालालाच भरावा लागतो. काम दोन मिनिटांचे. त्यावाचून बाकीची डिजिटल सेवा या परिसरात अपुरीच.

यात्रेत विकली जाणारी बरीच पुस्तके लेखकांनी स्वतःच्या खर्चाने छापलेली असतात. आवृत्ती संपली की ती पुन्हा निघेलच असे नाही. परिसरातील ग्रंथपालांनी येत्या माघ पौर्णिमेला कचारगडला जावे, प्रत्येक पुस्तकाची एक प्रत विकत घ्यावी आणि लेखकाची लेखी परवानगी मिळेल त्याचे स्कॅनिंग करून ते सर्वांसाठी खुले ठेवावे.