विश्लेषण : ट्रकने नियम मोडला होता, मग जखमीला भरपाई जास्त मिळते का?

कसारा घाटात किंवा मुरबाड रस्त्यावर ट्रकचा अपघात झाला की तासाभरात फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. सोबत मेसेजही फिरतात : ‘गाडी ओव्हरलोड होती’, ‘मागचे दिवे बंद होते’, ‘फिटनेस संपलं होतं, विमा कंपनी एक पैसा देणार नाही’. यातले काही खरे असते, काही अर्धवट. सुरक्षा नियम मोडल्याचा जखमीच्या दाव्यावर नेमका काय परिणाम होतो, ते पाहू.

ट्रकसाठी मुख्य नियम कोणते?

शहापूर तालुक्यातून मुंबई–नाशिक महामार्ग वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डीमार्गे कसाऱ्याकडे जातो. मुरबाडमधून कल्याण–नगर महामार्ग सरळगाव, टोकावडेमार्गे माळशेज घाट चढतो. दोन्हीकडे कंटेनर, ट्रेलर आणि डंपरच्या शेजारून दुचाकीस्वार आणि पायी जाणारे लोक ये-जा करतात.

मोटार वाहन कायदा, 1988 आणि त्याखालील नियम अशा अवजड गाड्यांना बंधने घालतात. क्षमतेपेक्षा जास्त माल भरल्यास 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंड आहे. व्यावसायिक गाडीचे योग्यता प्रमाणपत्र म्हणजे फिटनेस पहिली 8 वर्षे दर 2 वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. वेगनियंत्रक बसवणे बंधनकारक असलेल्या मालवाहू गाड्यांची कमाल मर्यादा ताशी 80 किलोमीटर, तर डंपर आणि टँकरची 60 किलोमीटर आहे. रात्री रस्त्यावर थांबलेल्या गाडीचे पार्किंग दिवे चालू हवेत. चालकाचे काम दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांपेक्षा जास्त नसावे, असे कामगार कायदे सांगतात.

नियमभंग सिद्ध झाला की भरपाई नक्की का?

नाही. नियम मोडल्याचा दंड सरकारकडे जातो, तो जखमीला मिळत नाही. कलम 166 खालच्या दाव्यात न्यायाधिकरण प्रामुख्याने एकच प्रश्न विचारते : अपघात कोणाच्या निष्काळजीपणामुळे झाला? म्हणून नियमभंग आणि अपघात यांचा थेट संबंध दाखवावा लागतो.

ट्रकची पीयूसी संपली होती आणि त्याने वळणावर दुचाकीला उडवले, तर पीयूसीचा त्या धडकेशी संबंध नाही. पण क्षमतेपेक्षा जास्त खडी भरलेल्या डंपरला उतारावर ब्रेक लागला नाही, तर जादा वजन हेच निष्काळजीपणाचे चिन्ह ठरू शकते.

उभ्या ट्रकवर मागून गाडी आदळते तेव्हा ‘तुम्हीच येऊन धडकलात’ असा बचाव हमखास होतो. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले. चौदा चाकी ट्रेलर दिवे न लावता भर महामार्गावर सोडून दिला होता आणि त्यावर कार आदळली होती. खालच्या न्यायालयांनी कारचालकावरही दोष टाकून भरपाई निम्मी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो निष्कर्ष रद्द करून संपूर्ण जबाबदारी ट्रेलरवर टाकली.

हाच निकष जखमीलाही लागू होतो. 2020 च्या एका निकालात दुचाकीवर तिघे बसले होते. नियम मोडला असला तरी त्यामुळेच अपघात झाला हे दाखवता आले नाही, म्हणून त्या कारणाने भरपाई कापणे चूक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

परवाना नाही, परमिट नाही : मग विमा कंपनी सुटते का?

बहुतेक वेळा नाही. तृतीय पक्ष विमा रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसासाठी असतो. चालकाचा परवाना चालत नसेल, तर मालकाने जाणूनबुजून दुर्लक्ष केले हे कंपनीला सिद्ध करावे लागते. ते सिद्ध झाले तरी ‘आधी जखमीला पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व 2004 मध्ये परवान्याबाबत मांडले आणि 2018 मध्ये परमिट नसलेल्या ट्रकलाही लावले.

छोट्या टेम्पोबाबत आणखी एक मुद्दा आहे. 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीसाठी हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे ‘परवान्यावर वेगळी नोंद नाही’ हा बचाव अशा गाड्यांसाठी टिकत नाही.

धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. एसटी चुकली म्हणून मालाच्या टेम्पोत बसलेला प्रवासी विम्याच्या दृष्टीने ‘तिसरा माणूस’ नसतो. त्याच्यासाठी विमा कंपनी जबाबदार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. मालासोबत चाललेला मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी याला अपवाद आहे. गाडीवरच्या कामगाराचे नियम वेगळे आहेत.

नियमभंगाचा पुरावा कुठे सापडतो?

गाडीचा नंबर मिळाला की एमपरिवहन अ‍ॅपवर फिटनेस, विमा आणि पीयूसीची तारीख दिसते. त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढून ठेवावा. मालाचे वजन बिल्टी, ई-वे बिल आणि वजनकाट्याच्या पावतीवर असते. खडी-रेतीच्या डंपरकडे गौण खनिज वाहतूक पास असतो आणि त्यावर किती ब्रास माल आहे हे लिहिलेले असते.

नाशिक मार्गावरील ट्रकच्या फास्टॅग नोंदीही उपयोगी पडतात. घोटी आणि पडघा या टोलनाक्यांवरच्या वेळा जुळवल्या, तर गाडी मध्ये कुठे थांबली का, चालक किती तास सलग चालवत होता, याचा अंदाज येतो. ही कागदपत्रे मालकाकडून मागवण्याचा अर्ज न्यायाधिकरणात करता येतो.

पोलिसांचा पंचनामा सर्वांत महत्त्वाचा. ट्रकचे दिवे चालू होते का, रिफ्लेक्टर होते का, टायरच्या खुणा कुठून सुरू झाल्या, हे त्यात नोंदले गेले नाही तर नंतर सिद्ध करणे कठीण जाते. 2022 पासून लागू असलेल्या नियमांनुसार पोलिसांनी 48 तासांत पहिला आणि 90 दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. जखमीला त्याची प्रत मागता येते.

रक्कम कशी ठरते?

उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी आणि वेदना यांबरोबर कायमच्या अपंगत्वाचा हिशेब होतो. प्रमाणपत्रावरचा टक्का जसाच्या तसा लावला जात नाही. त्या माणसाची कमाई किती घटली हे पाहिले जाते. पाय अधू झालेल्या भातशेतीच्या मजुराचे नुकसान टेबलावर काम करणाऱ्यापेक्षा जास्त असते.

उदाहरणार्थ, 32 वर्षांच्या मजुराची कमाई महिना 12,000 रुपये आणि कमाईची क्षमता 30 टक्क्यांनी घटली, असे धरू. भविष्यातील वाढ म्हणून 40 टक्के मिळवल्यावर महिना 16,800, म्हणजे वर्षाला 2,01,600 रुपये होतात. या वयाचा गुणक 16. गुणाकार 32,25,600 रुपये आणि त्याचे 30 टक्के म्हणजे 9,67,680 रुपये. उपचार आणि इतर बाबी वेगळ्या.

दोष सिद्ध न करता कलम 164 खाली मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. पण विमा कंपनीशी तडजोड करून ही रक्कम स्वीकारली, तर कलम 166 चा दावा संपतो. वरच्या उदाहरणातील मजुराने घाईत सही केली, तर त्याचे किती नुकसान होईल हे लगेच लक्षात येते.

दावा कुठे आणि कधी?

अपघात झाला ते ठिकाण, जखमीचे राहण्याचे ठिकाण किंवा गाडीमालकाचे ठिकाण, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. ठाणे जिल्ह्याचे न्यायाधिकरण ठाण्यात आहे, त्यामुळे नाशिक किंवा नगरच्या ट्रकमालकाच्या गावी जावे लागत नाही. 1 एप्रिल 2022 पासून दाव्याची मुदत अपघातापासून 6 महिने आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, तरी त्या भरवशावर थांबू नये.

ट्रक पळून गेला आणि नंबर मिळालाच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50,000 रुपये मिळतात. अर्ज अपघात झालेल्या भागातील प्रांत किंवा तहसीलदार पातळीवरच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा. उपचारांसाठी मात्र या कशाचीच वाट पाहावी लागत नाही. मे 2025 मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार अपघातग्रस्तावर नियुक्त रुग्णालयात 7 दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख पैसे न भरता उपचार होऊ शकतात.